रानकांद्यासाठी राब

कारल्याच्या वेलाला फुलं भरपूर यायची आणि कारलं एकही धरायचं नाही. तिथून हे सगळं सुरू झालं.

बदलापूरला आमचं घर तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराच्या मागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मध्ये मातीचा एक पट्टा आहे. जागा सोसायटीची. पण बिल्डरने तिथं फुटक्या विटा, टाइल्सचे तुकडे, सिमेंटचे गोळे टाकून ठेवलेले, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नसे. मी रोज थोडा थोडा राडारोडा वेचून बाजूला केला. खाली माती निघाली.

माती बघून मला नवल वाटलं, कारण लग्नानंतरचं माझं सगळं आयुष्य उल्हासनगरच्या कॅम्पातल्या चाळीत गेलं. तिथं दार उघडलं की गटार, गटारापलीकडे दुसऱ्याचं दार. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीला जायचा आणि मी घरी बसून जीन्सचे धागे कापायची. पँटींचा ढीग पुढ्यात, हातात छोटी कात्री, आणि दिवस मावळेपर्यंत हात निळे. कुंडी ठेवायलासुद्धा जागा नव्हती. नवरा गेल्यावर मुलाने बदलापूरला घर घेतलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता मातीत काय काय उगवतं ते बघू.

तर कारलं. कारल्याच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं असतात, हे मला सत्तरी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. एका फुलाच्या मागे इवलंसं कारलं असतं, दुसऱ्याच्या मागे नुसता देठ. इवलं कारलं पिवळं पडायचं आणि गळायचं. मी शेण घातलं, राख घातली. काही फरक नाही. माझी सून एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिला दाखवलं.

ती म्हणाली, "आई, पोलिनेशन होत नाहीये."

"म्हणजे काय होत नाहीये?"

"मधमाश्या येत नाहीत. ह्या फुलातली भुकटी त्या फुलात गेली पाहिजे. माशी नसेल तर तुम्ही करा."

तिने करून दाखवलं. नुसत्या देठाचं फूल तोडायचं आणि कारलंवालीच्या तोंडावर घासायचं. मग रोज सकाळी हेच माझं काम झालं. नवऱ्याला मानगुटीला धरून बायकोच्या दारात नेऊन सोडायचं. कारली धरली. भाजी झाली. पण माझं समाधान झालं नाही. हे काम माशीचं आहे, तर माशी कुठे गेली?

मी मागच्या दारात स्टूल टाकून बघत बसायला लागले. बघायचं काम मला जमतं. धागे कापणारीला बारीक दिसावंच लागतं, नाहीतर माल परत येतो. पावसाच्या शेवटी सब्जाला मंजिऱ्या आल्या तेव्हा माश्या आल्या. म्हणजे माशी ह्या गावात होती. थंडीत मी पेरलेली कोथिंबीर हाताबाहेर गेली, उंच वाढून पांढरी फुलली. सून म्हणाली, उपटून टाका, आता काय कामाची. मी नाही उपटली. त्या फुलांवर सातेरी म्हणजे लहान पट्टेवाल्या मधमाश्या आल्या, मुंगीएवढ्या काळ्या माश्या आल्या, हिरव्या पाठीच्या आल्या, आणि माशीचं सोंग घेतलेली एक हवेत एकाच जागी उभी राहणारी जात आली. माश्यांच्या एवढ्या जाती असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मग मेथी फुलू दिली, मुळा फुलू दिला, तूर लावली, झेंडू लावला. भाजी कमी आणि फुलं जास्त. मुलगा म्हणाला, "आई, खायचं काही लाव." मी म्हटलं, "हे खायचंच आहे. तुझ्यासाठी नाही, एवढंच."

होळी झाली की मात्र सगळं वाळायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचे वार ठरतात. बारवी धरणाचं पाणी उतरलं की नळ कोरडा आणि मग टँकर. टँकरच्या पाण्यावर सगळ्या इमारतीचा डोळा. मला एकदा बादलीभर पाणी मागे नेताना सेक्रेटरीबाईने बघितलं.

सेक्रेटरीबाई म्हणजे आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. दुसऱ्या मजल्यावर राहते. सिंधी आहे, उल्हासनगरची. तिचं तिथं चेन-बटणाचं दुकान आहे, जीन्सवाले तिच्याकडून माल नेतात. मी कापलेल्या पँटींची बटणं तिच्याच दुकानातली असणार. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पण इमारतीतल्या सगळ्यांसारखी तीही मला आजीच म्हणते.

"आजी, टँकर का पानी घास को?"

"घास नाही. झेंडू आहे."

"झेंडू दसऱ्याला मार्केटमध्ये मिळतो. पानी नहीं मिलता."

पाणी माणसाला आधी, हे बरोबरच आहे. पण मग होळीपासून पावसापर्यंत माश्या खाणार काय? ज्या घरात चार महिने चूल पेटत नाही, त्या घराकडे पाहुणा पुन्हा कशाला वळेल? पावसात माझं कारलं फुलायचं तेव्हा माश्या नसायच्या, त्याचं कारण हेच असावं असं माझ्या मनाने घेतलं. खरं असेल, खोटं असेल. पण त्या चार महिन्यांत बिनपाण्याचं फुलणारं काहीतरी हवं, हे मात्र डोक्यात बसलं.

तेव्हा मला रानकांदा आठवला.

माझं माहेर बारवीच्या बाजूला, एका पाड्यात. आमची स्वतःची जमीन नव्हती. आई दुसऱ्यांच्या भातावर मजुरीला जायची. भाताचं रोप टाकायच्या आधी तिथं राब करतात. रोपाच्या जागेवर शेण, झाडांच्या कापलेल्या फांद्या, पालापाचोळा असे थर लावायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवून द्यायचं. ते धुमसत जळतं. त्याने तण मरतं आणि रोप जोरात येतं. राब जळून जमीन काळी पडली की त्या काळ्या जमिनीतून कुठे कुठे एक लांब दांडा वर यायचा. पान नाही, काही नाही, नुसता दांडा, आणि त्याला फिकट मळकट फुलं. तो रानकांदा. त्याला गुरं तोंड लावत नाहीत. मी एकदा दांडा मोडून भावाला मारला होता आणि माझाच हात खाजत राहिला. आई म्हणाली होती, "बरं झालं."

त्या फुलांवर माशी यायची का, ते मात्र काही केल्या आठवेना. लहानपणी कोण बघतं?

आमच्या गल्लीत एक भाजीवाली बसते. तीही बारवीकडची, डोंगरातल्या पाड्यातून रानभाज्या घेऊन येते. तिला म्हटलं, मला रानकांदे आणून दे.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, त्यो खायाचा नाय हां. मरशील."

"खायचा नाही. लावायचा आहे."

"लावायचा?" तिने शेजारच्या मासळीवालीला हाक मारली. "अगो बाय, ऐकलास का? आजी रानकांदा लावते. उद्या धोतरा लावील." दोघी हसल्या. पण पुढच्या खेपेला तिने पिशवीच्या तळाला घालून कांदे आणले. पांढरे, गुळगुळीत, काही माझ्या मुठीएवढे. ते कसे लावायचे विचारलं तर म्हणाली, "मला काय म्हाईत? आमी फक्त उपटतो."

मग मी माझ्या अकलेने लावले. कांदा आहे म्हणून कांद्यासारखे. वाफा केला, बोटभर खड्ड्यात बसवले, डोकं वर ठेवलं आणि तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण असं रोज थोडं पाणी घातलं. थंडीभर घातलं. होळीच्या सुमाराला वास यायला लागला. उकरून बघितलं तर सगळे कांदे लगदा झालेले. ज्याला पाणी नको म्हणून आणला त्याला मी पाण्याने मारला. सून म्हणाली, "आई, तुम्ही त्याचे फार लाड केलेत." मला राग आला, पण तिचं खरं होतं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी भाजीवालीने पुन्हा आणून दिले. हसली, पण आणले. ह्या वेळी मी लावले आणि विसरले. विसरले म्हणजे पाणी घातलं नाही, बघायला तर रोज जायची. पाऊस पडल्यावर प्रत्येकाला पट्ट्यासारखी लांब पानं आली. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडून जमिनीवर लोळली आणि वाळून गेली. मग खाली काय चाललं आहे ते कळायला मार्ग नाही. जमीन सपाट, कोरडी, वर काहीच नाही. थंडी गेली. होळी झाली. मी रोज सकाळी जाऊन त्या रिकाम्या मातीकडे बघायची. बाकीचा पट्टाही वाळला होता. सब्जाच्या काटक्या, तुरीच्या काटक्या.

आता मी जे केलं ते पाड्यात वाढलेलीच करू शकते. मला वाटलं, रानकांदा राबातून वर यायचा ना, मग त्याला राबच हवा असेल. धग लागल्याशिवाय तो उठत नसेल. मी वाळका पाला गोळा केला, तुरीच्या काटक्या मोडल्या, नारळाच्या झावळ्या ओढून आणल्या, शेणाच्या गोवऱ्या टाकल्या आणि राब लावला. पण अर्ध्याच जागेवर. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांबच्या अर्ध्या भागात. सगळीकडे लावला असता तर कांदे राबाने आले की आपसूक आले, ते कसं कळणार? एका भागात राब, एका भागात नाही, मग बघू कोण आधी येतं. वर माती भुरभुरली, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला आणि स्टूल टाकून बसले.

राब छान धुमसला. धूर आधी सरळ वर गेला, मग इमारतीच्या भिंतीला लागून पसरला.

आमच्या भागात धुराचा, वासाचा लोकांना धसका आहे. अधूनमधून एमआयडीसीकडून काहीतरी वास येतो, डोळे चुरचुरतात, आणि मग सगळे फोन करत बसतात की कुठल्या कंपनीने गॅस सोडला. त्या दिवशी कोणीतरी जिन्यात ओरडलं, "गॅस सुटला, गॅस!" झालं. लोक तोंडाला ओले रुमाल बांधून खाली. कोणी म्हातारीला उचलून आणलं, कोणी मांजर आणलं. सेक्रेटरीबाई ओली ओढणी नाकाला लावून कंपाउंडमध्ये उभी राहून सगळ्यांना फाटकाकडे ढकलत होती. वाळत घातलेल्या चादरी तशाच. मग कोणीतरी मागे आलं आणि त्याला मी दिसले, स्टुलावर बसलेली.

सेक्रेटरीबाई आली. ओढणी नाकावरून खाली केली.

"आजी, ये क्या है?"

"राब."

"राब म्हणजे?"

"भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात."

"तू इथं भात लावणार?"

"नाही. कांदे."

"कांदे जाळतेस?"

"जाळत नाही गं. उठवते."

तिने डोक्याला हात लावला. मागून कोणीतरी म्हणालं, आजींना घरात घ्या. मुलाने पाण्याचं पिंप ओतून राब विझवला, तेही टँकरचं पाणी. रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, "काही पेटवायचं असेल तर आधी सांगत जा." सून तोंड फिरवून हसत होती. तिच्या चादरींना धुराचा वास होता, तरी हसत होती.

त्याच आठवड्यात जिन्याखाली सोसायटीची सभा झाली. ठरलं असं की मागच्या पट्ट्यात पेवर ब्लॉक बसवायचे. गाड्या ठेवायला जागा होईल, पावसात चिखल होणार नाही, साप येणार नाही आणि आजी काही पेटवणार नाही. शेवटचं कारण कोणी तोंडाने बोललं नाही, पण सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "तिथं माझी झाडं आहेत."

सेक्रेटरीबाई म्हणाली, "कुठे आहेत? मी आत्ता बघून आले. काटक्या आहेत आणि राख आहे."

"जमिनीखाली आहेत."

"जमिनीखाली तर पाण्याची लाइन पण आहे आजी. मला वर दाखव. एक फूल दाखव."

"येतील."

"कधी येतील?"

खोटं बोलायला मला येत नाही असं नाही, पण त्या वेळी सुचलं नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

लोक हसले. ती नाही हसली. दुकान चालवणारी बाई आहे, तिला सौदा कळतो. म्हणाली, "पेवरवाला बुद्धपौर्णिमेनंतर येणार आहे. तेव्हापर्यंत एक फूल दाखव, मग बोलू. नाही आलं तर मी ब्लॉक बसवणार, आणि तू रडायचं नाही."

"मी रडत नाही," मी म्हटलं.

रडले नाही, पण झोप उडाली होती. तो पट्टा गेला तर मी काय करणार होते? टीव्ही बघत बसणार होते. शेजारणी बघतात तशी. मला त्याची खरंच भीती वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे कांदा जिवंत आहे का, तो फुलतो का, फुलला तर माशी येते का, ह्यातलं काहीच कधी कळलं नसतं.

सून म्हणाली, "एक उकरून बघा ना. जिवंत असेल तर दाखवा सेक्रेटरीला."

"कांदा दाखवून काय होतं? कांदा तिच्या टोपलीतही आहे. तिला फूल पाहिजे."

तरी मी राब न लावलेल्या भागात एका ठिकाणी बोट घालून दाबून बघितलं. टणक लागला. राबाच्या भागात बोट घालायचा मात्र धीर झाला नाही.

दिवस गेले. ऊन असं की माती हाताला भाजे. मग एका सकाळी नेहमीसारखी मागे गेले तर मातीतून करंगळीएवढा जाड, काळपट जांभळा कोंब वर आलेला. आदल्या दिवशी तिथं काही नव्हतं. राब न लावलेल्या भागात. दुसऱ्या दिवशी तो वीतभर झाला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक. त्याची वाढ इतकी झपाट्याची की मला वाटलं, बसून राहिलं तर डोळ्यांना दिसेल. बसलेही. नाही दिसली. राबाच्या भागात काही नाही. मी रोज आधी तिकडेच बघायची. राख आणि माती.

दांडा माझ्या कमरेएवढा झाला. त्याला खालपासून वरपर्यंत लोंबत्या कळ्या लागल्या. मी सेक्रेटरीबाईला सकाळी दुकानाला निघताना अडवलं आणि मागे नेलं.

"ये फूल है?"

"कळ्या आहेत."

"आजी, ही झाडूची काडी आहे. कोणी तरी खोचून ठेवली आहे."

"उपटून बघ."

उपटली नाही. पण मानलंही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणलं, तर खालच्या कळ्या सुकून मिटलेल्या. तीन-चार दिवस हेच. मला कळेना की फुलं उमलत कशी नाहीत आणि सुकतात कशी. मग एकदा दुपारचा चहा घेऊन मी मागे बसले, तेव्हा उत्तर मिळालं. ऊन उतरल्यावर, सावली पट्ट्यावर आली तेव्हा, एक कळी फुटली. पाकळ्या मागे मुरडल्या. पांढुरकं फूल, प्रत्येक पाकळीच्या मधोमध हिरवट तपकिरी रेघ. सुंदर म्हणवत नाही. मग दुसरी उमलली. सकाळी पाहिलं तर दोन्ही मिटून गेलेली. एका संध्याकाळचं फूल. सेक्रेटरीबाईला मी रोज शिळं दाखवत होते.

आता अडचण अशी की संध्याकाळी ती दुकानात. येते अंधार पडल्यावर, आणि अंधारात ती मागे पाऊल टाकायला तयार नाही. साप. मोबाइलमध्ये फोटो काढून दाखवते असं सून म्हणाली. सेक्रेटरीबाई म्हणाली, "मोबाइलमध्ये तर हत्तीला पण पंख लावता येतात. मी डोळ्यांनी बघणार." दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी येते म्हणाली. इकडे कळ्या खालून वर एकेक करून संपत चाललेल्या. शेंड्याला थोड्या उरल्या होत्या आणि दुसरा दांडा गायीने फाटकातून येऊन तुडवला होता. बुद्धपौर्णिमा झाली. विहारात खीर वाटताना माझं लक्ष तिकडे नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती स्वतःची खुर्ची घेऊन आली. ओढणी डोक्यावरून गळ्याला गुंडाळलेली, पायात बूट. माझ्या शेजारी बसली. बराच वेळ काही झालं नाही. तिने तिच्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या, मी माझ्या सुनेच्या सांगितल्या. मग ती थांबली.

"आजी, हिलली."

कळी उमलत होती. ती पुढे वाकून बघत राहिली. दुसरीही उमलली. आणि मग ती आली, सातेरी माशी. मी वर्षभर जिची वाट बघत होते ती. दांड्याभोवती फेरी मारून फुलात डोकं खुपसलं. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, पाण्याचा थेंब न घातलेल्या मातीत, तिला खायला मिळालं होतं.

सेक्रेटरीबाई खुर्चीसकट मागे सरकली. "आजी! ये तो मधमाखी है!"

"मग काय, म्हैस येणार होती?"

"तू मधमाश्या बोलावतेस? माझा नातू खाली खेळतो!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच माझ्या विरुद्ध गेली. तिला फूल दाखवायचं होतं, तिला दिसली माशी.

"मी इथं रोज बसते. मला डसत नाहीत."

"एकदा पण नाही?"

"एकदा डसली. मी तिच्यावर बसले होते."

ती हसली. ओढणीतूनच हसली. पण उठून गेली नाही. माशी दुसऱ्या फुलावर गेली तशी तिचीही मान वळली. थोड्या वेळाने विचारलं, "ये रहती कहाँ है?"

"माहीत नाही."

"किती लांबून येते?"

"माहीत नाही."

"घर माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि तू तिच्यासाठी जेवण बनवतेस?"

माशी उडून गेली. आम्ही दोघी तिच्या मागे भिंतीवरून बघत राहिलो, ती कुठे वळते ते. रिक्षा स्टँडच्या दिशेने गेली. त्यापुढे दिसलं नाही.

मग सेक्रेटरीबाई उभी राहिली आणि पट्ट्याकडे हात करून म्हणाली, "जे उगवलं ते तुझं. तिकडे राख आहे तिथं काही उगवलं नाही. तिथं ब्लॉक बसणार. मला पण लोकांना तोंड दाखवायचं आहे."

मी भांडू शकले असते. पण तिचं म्हणणं वावगं नव्हतं. मी म्हटलं, "तिथले कांदे काढून घेते. एवढं थांब."

राबाचा भाग मी खुरप्याने उकरला. बरेचसे कांदे वरून भाजले होते, वांगं भाजावं तसे, आतून मऊ. राबाने उठवणं लांबच राहिलं, मी त्यांचं भरीत केलं होतं. मग पाड्यात ते राबाखाली जगायचे कसे? मी खड्ड्यात बसून विचार करत राहिले. आणि मला आठवलं की तिथं रानकांदा काढायला लोक पहार घ्यायचे. खोल असायचा तो, कोपरभर खाली. आग वरून निघून जायची आणि त्याला कळायचंही नाही. माझे बोटभर खाली होते, घरच्या कांद्यासारखे. राबाने तो वर येतो हेही बहुधा खोटंच. राब आणि त्याची फुलायची वेळ एकच, म्हणून आम्हाला तसं दिसायचं.

जे थोडे धड निघाले ते उरलेल्या अर्ध्यात खोल लावले. खड्डे सुनेने खणले, तिच्या सुट्टीच्या दिवशी. हातमोजे घाल म्हटलं तर ऐकलं नाही. संध्याकाळी दोन्ही हात खाजवत बसली आणि मी तिला खोबरेल लावून दिलं. माझी आई म्हणाली होती ते मी म्हटलं नाही.

ब्लॉक बसले. त्यांच्यावर आता स्कूटर उभ्या असतात. पाऊस आला, माझ्या अर्ध्यात रानकांद्याची पानं आली, सब्जा आला, आणि भिंतीला कारल्याचा वेल चढवला. ह्या वर्षी मी ठरवलं होतं की कारल्याला हात लावायचा नाही. फुलं फुलू दे, गळू दे, मी घासणार नाही. माशी शिकली असेल तर येईल.

पहिलं इवलं कारलं पिवळं पडून गळलं. दुसरं गळलं. तिसरं गळलं नाही. आधी हिरवं राहिलं, मग फुगलं, मग त्याला काटे आले. मी माशी आलेली पाहिली नाही. पहाटेच आली असेल. सेक्रेटरीबाईला दाखवलं तर म्हणाली, "आली ना तुझी पाहुणी?" आणि भिंतीपलीकडे बघायला लागली.

मला मात्र सुनेचा संशय आहे. ती कामाला जायच्या आधी मागच्या दाराने कपडे वाळत घालायला जाते. सरळ विचारलं, "तू फूल घासलंस का?"

"नाही, आई."

"शपथ?"

"भाजी कधी करताय?"

कारलं मी तोडलेलं नाही. वेलावरच पिकून तांबडं होऊ दिलं आहे, बी धरायला. पुढच्या वर्षी तिला सकाळी कपडे वाळत घालू देणार नाही.